वाचक विचारतात : औषधाला गाठ सापडते कशी?

गेल्या अंकात मी कर्करोगावरच्या नॅनोऔषधांबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं. त्यात एक वाक्य होतं : ‘अँटिबॉडी लावलेले नॅनोकण औषध थेट गाठीवर नेऊन सोडतात.’ (नॅनोकण म्हणजे औषध भरलेला अतिसूक्ष्म कण, अँटिबॉडी म्हणजे ठरावीक रेणू ओळखून त्याला धरणारं प्रथिन.) त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी या सदराला एरवी वर्षभरात येत नाहीत. बहुतेकांना वाक्य फार आवडलं होतं. न आवडलेला माणूस एकच. बावीस वर्षं मी ज्या प्रयोगशाळेत असे कण बनवले, तिथला माझा जुना सहकारी. फोनवर ‘कशी आहेस’ वगैरे काही नाही, एकदम विचारलं, “‘थेट’ म्हणजे काय गं? उंदरांचे आकडे बघून जिन्यात बसून रडली होतीस, ती तूच ना?”

मीच. वाक्य चुकलं होतं, आणि माझ्या हातून तरी ते चुकायला नको होतं. म्हणून या वेळी याच विषयावरची पत्रं घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या आईला स्तनाचा कर्करोग आहे. बायोप्सीत हर-टू पॉझिटिव्ह आलं. तुमचं टिपण वाचल्यापासून मला झोप नाही. गाठ शोधून काढणारं औषध निघालं असताना आईला साधी केमो का देत आहेत? आम्ही कुठे कमी पडतोय का?

उत्तर : आधी आईबद्दल बोलू, अँटिबॉडी थोडा वेळ थांबेल.

तुम्ही कुठेही कमी पडत नाही आहात. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन, आणि पॉझिटिव्ह म्हणजे आईच्या कर्कपेशींवर ते फार आहे. तसं असेल तर ट्रास्टुझुमॅब हे नाव आईच्या फाइलमध्ये आहे का बघा, बहुधा असेल. ते स्वतःच एक अँटिबॉडी आहे. १९९८ पासून वापरात आहे आणि बऱ्याचदा केमोच्या जोडीनं देतात. म्हणजे ज्याला तुम्ही ‘साधी केमो’ म्हणताय त्यात कदाचित हे आधीच चालू असेल. राहिला प्रश्न औषध पोटात भरलेल्या आणि वरून हर-टूची अँटिबॉडी लावलेल्या कणांचा. तेही माणसांवर तपासून झाले आहेत. एमएम-३०२ नावाच्या अशा औषधाची चाचणी २०१६ च्या डिसेंबरात मध्येच थांबवली, कारण नेहमीच्या उपचारांपेक्षा ते सरस ठरेल अशी आशा तोवरच्या आकड्यांत दिसेना. तेव्हा आईपासून कुणी काही दडवून ठेवलेलं नाही. उपचारात काही बदल हवा का, हे तिच्या डॉक्टरांना विचारा. माझ्या पानावर विसंबून काही ठरवू नका, गेल्या वेळी तर नकोच होतं.

आता अँटिबॉडी. ती गाठ शोधत नाही. कणाला डोळे नाहीत, इंजिन नाही, वासही येत नाही. शिरेत सोडला की रक्त नेईल तिकडे तो जातो, आणि रक्त साधारण मिनिटाभरात अंगभर एक फेरी मारतं. यकृत, फुप्फुस, मेंदू, अंगठा, गाठ, सगळीकडून. अँटिबॉडीला हर-टू ओळखता येतं ते अगदी अंगाला अंग लागल्यावर, काही नॅनोमीटरच्या आत. हाताच्या बोटातल्या रक्तवाहिनीत वाहणाऱ्या कणाला छातीत गाठ आहे हे कळण्याचा काही मार्गच नाही.

होडीला सुकाणू असतं आणि नांगरही असतो. आम्ही सगळे अँटिबॉडीला सुकाणू समजत होतो. ती नांगर आहे. होडी प्रवाहाबरोबर वाहते, काठाला लागली तर नांगर रुततो आणि ती तिथे थांबते. काठापर्यंत नेणं हे नांगराचं काम नाही.

हे मला शहाणपणानं कळलं नाही, हात पोळून कळलं. २००४ साली आमचे कण काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर टाकले की बघत राहावंसं वाटे. कर्करोगाच्या काही पेशींवर हर-टूचे वीस लाखांपर्यंत रेणू असतात, निरोगी पेशीवर त्यामानानं फारच थोडे. आमच्या बशीतल्या गजबजलेल्या पेशी कण गटागटा गिळत, आणि शेजारच्या बशीत हर-टू कमी असलेल्या पेशी ढुंकूनही पाहत नसत. मग उंदीर आले. एका गटाला अँटिबॉडी लावलेले कण दिले, दुसऱ्याला तसेच कण पण बिनअँटिबॉडीचे. दोन दिवसांनी गाठी काढल्या, लगदा केला, त्यातलं औषध मोजलं. दोन्ही गटांत सारखं. मी म्हटलं, नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील. पुन्हा सगळं केलं. पुन्हा सारखं. त्यानंतरचा जिना तुम्हाला सहकाऱ्यानं सांगितलाच आहे.

दोन वर्षांनी, २००६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा निबंध आला. त्यांनाही उंदरांत हेच दिसलं होतं : अँटिबॉडी लावा, न लावा, गाठीत जमणारे कण तेवढेच. पण ते तिथे थांबले नाहीत. कण गाठीत नेमके कुठे बसलेत हे त्यांनी पाहिलं. बिनअँटिबॉडीचे कण पेशींच्या मधल्या जागेत अडकलेले, नाहीतर भक्षक पेशींच्या पोटात. अँटिबॉडीवाले मात्र कर्कपेशींच्या आत.

आम्ही गाठ वाटून औषध मोजत होतो. वाटल्यावर कण दाराबाहेर होता की घरात, हे कसं कळणार? अँटिबॉडीनं कण जास्त आणले नव्हते, आलेल्यांना आत घेतलं होतं. फरक होता. आमच्या मोजण्याच्या रीतीतच तो पुसला जात होता.

म्हणून माझं ते वाक्य असं हवं होतं : ‘रक्तानं गाठीत नेलेल्या थोड्याशा कणांना पेशीत शिरायला अँटिबॉडी मदत करते.’ वाचायला काही मजा नाही, मान्य आहे.

‘थेट’ या शब्दाची हौस तशी जुनीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी जादूच्या गोळीची कल्पना मांडली, शरीराला धक्का न लावता फक्त रोगजंतूला टिपणारी. त्यांना बंदुकीची गोळी म्हणायची होती. मराठीत औषधाचीही गोळीच, त्यामुळे आपल्याला ती कल्पना जरा जास्तच पटते. पण बंदुकीच्या गोळीमागे नेम धरणारा असतो. शिरेतल्या कणामागे कुणी नसतं.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सरळ आकडा हवा आहे. शंभर नॅनोकण शिरेत सोडले तर गाठीत किती पोचतात? बाकीचे जातात कुठे?

उत्तर : एकसुद्धा धड नाही. टोरांटोच्या वॉरन चान यांच्या गटानं त्याआधीच्या दहा वर्षांतल्या, प्राण्यांवरच्या प्रयोगांचे आकडे गोळा केले आणि २०१६ मध्ये छापले. दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेला वाटा, मधला आकडा घेतला तर ०.७ टक्के. दोन वर्षांनी त्याच गटानं आणखी बारकाईनं मोजलं. ट्रास्टुझुमॅब लावलेले कण घेतले आणि प्रत्यक्ष कर्कपेशींपर्यंत किती गेले ते पाहिलं. दहा लाखांत चौदाही नाहीत. शंभर कर्कपेशींमागे कणांशी गाठ पडलेल्या पेशी दोन.

०.७ टक्क्यांचा निबंध आला तेव्हा आमच्या क्षेत्रात सुतक पडलं होतं. माझं मत थोडं वेगळं आहे. ०.७ हा आकडा १०० शी ताडून बघण्यात अर्थ नाही, तो साध्या औषधाशी ताडायला हवा. साधी केमोसुद्धा गाठीत अगदी थोडीच उतरते, बाकीची अंगभर पसरते, म्हणून तर केस गळतात आणि तोंड येतं. पण दहा लाखांत चौदा या आकड्यावर माझ्याकडे असं काही उत्तर नाही. तो आकडा नांगराबद्दलच आहे.

बाकीचे कुठे जातात? बहुतेक यकृतात, आणि प्लीहेत. हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाव हिस्सा यकृतातून जातो, आणि तिथे रक्तवाहिन्यांच्या भिंतीला भक्षक पेशी दबा धरून बसलेल्या असतात. शंभर नॅनोमीटरचा कण म्हणजे त्यांच्या लेखी विषाणूच, आकारानं तरी. त्यांचं कामच ते. मूत्रपिंडातून निसटायचं तर कण पाच-सहा नॅनोमीटरहून लहान हवा, आणि एवढ्याशा कणात औषध भरणार कुठे?

शिवाय रक्तात पडल्या पडल्या कणावर रक्तातली प्रथिनं चढतात. पाण्यात टाकलेल्या दगडावर शेवाळ धरतं तसं, फक्त इथे दिवस लागत नाहीत, क्षणांत होतं. त्या थराखाली अँटिबॉडी झाकली जाऊ शकते. २०१३ मध्ये आयर्लंडच्या संशोधकांनी ट्रान्सफेरिन हे प्रथिन लावलेल्या कणांवर हे दाखवलं : नुसत्या द्रावणात कण आपली पेशी बरोबर ओळखत होते, रक्तद्रव मिसळला की ओळख संपली. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना एकच विचारत असे, “रक्तद्रवात करून पाहिलंस का?” नाही म्हणाला की त्याचा आलेख बघायचीच नाही.

आता गाठीच्या दारातली गोष्ट. १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथला निचराही नीट होत नाही, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपून साचतात. तीस वर्षं आम्ही याच भरवशावर होतो. २०२० मध्ये टोरांटोच्याच गटानं म्हटलं की त्यांच्या प्रयोगांत कणांपैकी ९७ टक्क्यांपर्यंत भोकांतून गेलेच नव्हते. वाहिनीच्या भिंतीतल्या पेशींनी ते उचलून पलीकडे नेले होते. यावर अजून वाद आहे, आणि उंदराची महिन्याभरात फुगलेली गाठ व माणसाची वर्षानुवर्षं वाढलेली गाठ यांची तुलना फार ताणू नये हेही खरं.

आत शिरल्यावर दाब आडवा येतो. गाठीच्या आतल्या द्रवाचा दाब भोवतालच्या पेशीजालापेक्षा जास्त असतो. राकेश जैन या संशोधकांनी यावर दशकानुदशकं काम केलं. बाहेर ढकलणाऱ्या गर्दीत आत शिरण्यासारखं ते आहे. आणि गंमत अशी की अँटिबॉडी जितकी घट्ट धरणारी, तितका कण पहिल्याच पेशीला चिकटून बसतो. मागच्या रांगेतल्या पेशींपर्यंत जातच नाही. घट्ट म्हणजे चांगलं असं मीही बरीच वर्षं समजत होते.

प्रश्न : रसायनशास्त्र शिकवतो. अँटिबॉडी कणाला चिकटवतात म्हणजे नक्की काय करतात? गोंद कोणता?

उत्तर : हा प्रश्न माझ्या आवडीचा, त्यामुळे लांबेल.

आमचा कण म्हणजे लायपोसोम. मेदाच्या रेणूंच्या दुहेरी थराचा फुगा, आत पाणी. असे फुगे आपोआप बनतात हे अॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. मेद विरघळवायचा, द्रावक उडवायचा, चंबूच्या तळाशी पातळ साय उरते. तिच्यावर अमोनियम सल्फेटचं कोमट पाणी घालून हलवायचं. दुधाळ होतं. मग शंभर नॅनोमीटरची भोकं असलेल्या पडद्यातून दाबून काढायचं, पुन्हा पुन्हा. पडदा फाटला की आवाज येत नाही, फक्त दट्ट्या एकदम हलका जातो. तो हलकेपणा अजून माझ्या तळहाताला आठवतो.

बाहेरचं अमोनियम सल्फेट धुऊन काढलं की आत आणि बाहेर फरक तयार होतो, आणि त्या फरकाच्या जोरावर डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध आत ओढलं जातं. आत गेल्यावर त्याचे स्फटिक बनतात आणि ते अडकतं. एका कणात औषधाचे दहा हजारांहून जास्त रेणू बसतात. सूक्ष्मदर्शकात तो कण कॉफीच्या बीसारखा दिसतो, मधोमध स्फटिकाची रेघ.

आता तुमचा गोंद. कणावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या लांब साखळ्यांचं गवत असतं, भक्षक पेशींनी लगेच पकडू नये म्हणून. काही साखळ्यांच्या टोकाला मॅलेमाइड हा गट बसवतात. अँटिबॉडीच्या बाजूला गंधकाचा मोकळा गट हवा. दोघं भेटले की पक्का बंध. अँटिबॉडी गवताच्या टोकाला लावायची, मुळाशी नाही. मुळाशी लावली तर गवतात बुडते.

सुरुवातीला मी अख्खी अँटिबॉडी लावत असे. तिचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा. दोन हात लक्ष्याला धरतात आणि खालचा दांडा भक्षक पेशींना बोलावतो, ‘या, खा’ म्हणून. ते बोलावणं अंगावर मिरवत माझे कण यकृतात जात होते. मग दांडा कापायला लागले. पेप्सिननं, म्हणजे आपल्या जठरातल्याच विकरानं, दांडा तुटतो आणि दोन हात जोडलेले राहतात. सौम्य क्षपण केलं की हात सुटे होतात, आणि सुटताना नेमका तो गंधकाचा गट उघडा पडतो. तोच बंधाला वापरायचा. इतकी सोय निसर्गानं कुणासाठी केली असेल कोण जाणे.

एकदा मॅलेमाइड लावलेले कण मी रात्रभर चुकीच्या द्रावणात ठेवले. सामू आठच्या वर गेला होता. अशा द्रावणात मॅलेमाइड पाण्याशीच अभिक्रिया करून बसतं. सकाळी अँटिबॉडीचे तुकडे घातले, दोन तास फिरवलं, गाळणीस्तंभातून काढलं. सगळे तुकडे एकीकडे, सगळे कण दुसरीकडे. आठवड्याची मेहनत, एकाही कणावर एकही हात नाही. लेबलवर सामू लिहायची सवय त्या दिवसापासून.

आणि जास्त अँटिबॉडी म्हणजे जास्त चांगलं, हाही भ्रमच. आमच्याकडे एका कणावर तीस-चाळीस हात बसले की मी थांबत असे. त्यापुढे कण एकमेकांना चिकटू लागत आणि रक्तातून लवकर नाहीसे होत.

प्रश्न : माझ्या मावशीला दिलेल्या औषधाला डॉक्टर ‘अँटिबॉडीला जोडलेली केमो’ म्हणाले. तुम्ही लिहिलेलं हेच का?

उत्तर : नाही, ते चुलत भावंड. त्यात कण नसतोच. अँटिबॉडीलाच औषधाचे मोजके रेणू रासायनिक दुव्यानं टांगलेले असतात. ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन २०१३ मध्ये आलं, त्यात एका अँटिबॉडीला सरासरी साडेतीन. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान २०१९ मध्ये, त्यात साधारण आठ. या जातीचं पहिलं औषध २००० सालचं, रक्ताच्या कर्करोगावरचं मायलोटार्ग. २०१० मध्ये ते बाजारातून काढून घेतलं आणि २०१७ मध्ये मात्रा कमी करून परत आणलं.

आमच्या कणात दहा हजार रेणू, यांच्याकडे आठ. तरी बाजी त्यांनीच मारली. आठ रेणूंत भागायचं तर विष अतिशय जहाल हवं, आणि ते तसं आहे. अँटिबॉडी जेमतेम दहा नॅनोमीटरची, आमचा कण शंभरचा, त्यामुळे दाटीवाटीच्या गाठीत तिला वाट मिळते. शिवाय ती कारखान्यात घाण्यामागून घाणा बरीचशी एकसारखी बनवता येते. आमच्या एकाच बाटलीतल्या दोन कणांवरसुद्धा हातांची संख्या सारखी नसे. हे लिहिताना थोडं पोटात दुखतं, पण खरं आहे.

त्यालाही दुष्परिणाम आहेत. मावशींना नव्यानं खोकला किंवा धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. डेरक्स्टेकानवाल्या औषधात फुप्फुसाला सूज येऊ शकते आणि ती लवकर पकडणं फार महत्त्वाचं असतं.

प्रश्न : म्हणजे इतकी वर्षं तुम्ही लोकांनी नुसते उंदीर मारले?

उत्तर : आणि कागद काळे केले. पण डॉक्सिल १९९५ पासून वापरात आहे. हेच डॉक्सोरुबिसिन, असाच लायपोसोम, फक्त अँटिबॉडी नाही. साधं औषध रक्तातून काही मिनिटांत पेशीजालांत पसरतं, हृदयाच्या स्नायूंतही, आणि हृदयाला होणारी इजा हीच या औषधाची मोठी अडचण. लायपोसोमात बंद केल्यावर ते दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतं आणि हृदयात फारसं उतरत नाही. त्याऐवजी तळहात-तळपायांच्या त्वचेत झिरपतं. तिथे लाली येते, सोलतं, कधी चालणं अवघड होतं. दुष्परिणाम गेला नाही, त्यानं जागा बदलली. हृदयाच्या बदल्यात तळपाय, हा सौदा मी तरी घेईन.

माणसाला खरा उपयोग झाला तो या वेष्टनाचा. नांगराचा अजून व्हायचा आहे. २०१२ मध्ये बाझलच्या डॉक्टरांनी दुसऱ्या एका लक्ष्यावरचे, ईजीएफआरवरचे, अँटिबॉडीचे तुकडे लावलेले लायपोसोम रुग्णांना चाचणीच्या पहिल्या टप्प्यात दिले आणि ते सोसतात हे दाखवलं. सोसणं आणि गुण येणं यांत अंतर आहे.

प्रश्न : नॅनोकण अंगात कायमचे राहतात का?

उत्तर : कशाचा कण, त्यावर आहे. मेदाचा असेल तर शरीर त्याचे तुकडे करून वापरून टाकतं. सोन्याचा असेल तर यकृतात महिनोन् महिने पडून राहतो.

प्रश्न : मी नववीत आहे. कण पेशीच्या आत शिरताना तुम्हाला खरंच दिसायचा का?

उत्तर : कण नाही दिसायचा, तो प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान. औषध दिसायचं. डॉक्सोरुबिसिन मुळात लाल. बाटली हातात घेतलीस तर डाळिंबाच्या रसासारखं दिसेल. त्यावर निळा किंवा हिरवा प्रकाश टाकला की ते नारिंगी-लाल चमकतं. पण लायपोसोमात ते इतकं ठासून भरलेलं असतं की रेणू एकमेकांची चमक मारून टाकतात. म्हणजे कणात बंद आहे तोवर अंधार आणि सुटलं की उजेड. कुणीही मुद्दाम न ठेवलेली खूण. बशीतल्या पेशींवर कण टाकून मी सूक्ष्मदर्शकाशी बसत असे. आधी काहीच नाही. मग पेशींच्या आत ठिपके. काही तासांनी केंद्रकं उजळू लागत, कारण हे औषध डीएनएला जाऊन चिकटतं. ती पेशी आता मरणार, हे आपल्याला तिच्या आधी कळलेलं असतं.

तू विचारलंस म्हणून एक सांगते. कॅलिफोर्नियाचा तो निबंध वाचल्यावर मला आठवलं की आपण सगळ्या गाठींचा लगदा केला नव्हता. प्रत्येकीचा एक तुकडा शीतकपाटात उणे ऐंशी अंशांवर पडून होता, दोन वर्षं. तो काढला, त्याचे पातळ काप केले आणि दिवा लावला. बिनअँटिबॉडीच्या गटात रक्तवाहिन्यांच्या कडेनं पेशींच्या मधे विखुरलेले डाग. अँटिबॉडीच्या गटात पेशी आतून उजळलेल्या. मी सहकाऱ्याला हाक मारली. तो आला, डोळा लावला, बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं काप थोडा सरकवला, वाहिनीपासून लांब, आणि मला बघायला सांगितलं. वाहिनीलगतच्या दोन, कुठे तीन रांगा लाल होत्या. त्यापुढे सगळा अंधार.